दहाव्या नावाची अंमलबजावणी

इंग्रजीत 'एन्फोर्स' नावाचं एक क्रियापद आहे. माझं हसं त्याने केलं असं मी चारचौघांत सांगतो. खरं कोणी केलं ते शेवटी येईलच.

मी तेव्हा जबलपूरच्या एका सरकारी कचेरीत मसुदे लिहिणारा कारकून होतो. साहेबांना जे शिव्या देऊन म्हणायचं असे, ते मी सभ्य इंग्रजीत बसवून देत असे. 'नियम अमलात आणा' एवढं एक वाक्य मला आठ तऱ्हांनी लिहिता येई, आणि कुठल्या तऱ्हेने लिहिलं म्हणजे समोरचा जागचा हलणार नाही हेही मला पक्कं ठाऊक होतं. त्या आठ क्रियापदांची मी एक लाल वही ठेवली होती. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचा कचेरीतला खरा वापर. 'एन्फोर्स'ची उजवी बाजू मात्र कोरी होती, कारण सतरा वर्षांच्या नोकरीत तो वापर माझ्या बघण्यात आला नव्हता.

राज्यांची फेररचना होऊन आठ वर्षं झाली होती. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. म्हणजे आम्ही कुठेच गेलो नाही. घमापूरचं घर तेच, नळ तोच, नळाला पाणी न येण्याची वेळही तीच. फक्त एका सकाळी उठलो तर आम्ही अल्पसंख्य झालो होतो. तेव्हापासून आमच्या मराठी मंडळाच्या दर वार्षिक सभेत अध्यक्ष भय्यासाहेब वकील 'मराठी टिकली पाहिजे' या विषयावर पाऊण तास बोलत. हे भय्यासाहेब आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांची नातवंडं आपसात हिंदीत भांडत आणि ते दुसरं भाषण आम्हाला भिंतीतून फुकट ऐकू येई.

मंडळात माझ्याकडे सतरंज्यांचं खातं होतं. बारा वर्षं मी सतरंज्या घातल्या आणि काढल्या. त्या वर्षी मात्र माझ्या खिशात एक परिपत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की एखाद्या वर्गात मराठी मातृभाषेची निदान दहा मुलं असली, तर त्यांना मराठीतून शिकवण्याची सोय करावी. आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेत तिसरीला अशी नेमकी दहा मुलं होती. त्यांच्यासाठी नेमलेल्या मेश्रामबाईही होत्या. पण हेडमास्तर बाईंना दुधाच्या भुकटीचे डबे मोजायला बसवत, आणि ती दहा मुलं हिंदी वर्गात मागे बसून जांभया देत.

मी सतरंज्यांच्या ढिगाजवळून उभा राहिलो आणि हे सगळं सांगितलं. मग भय्यासाहेब म्हणाले, "अच्छा! मग लिहा की अर्ज, नारायणराव. इंग्रजी तुमचं चांगलं आहे. सतरंज्या उद्या घडी केल्या तरी चालतील."

माणसाला कुठल्या गोष्टीने चढेल हे सांगता येत नाही. मला ती सतरंज्यांची सूट चढली.

अर्ज मी तीन दिवस घोटला. 'सदर नियम कृपया एन्फोर्स करावा' हे वाक्य लिहून त्याखाली तांबडी रेघ ओढली. दीड महिन्याने उत्तर आलं की नियम 'ऑब्झर्व' केला जात आहे. मी वही काढली. ऑब्झर्व म्हणजे चतुर्थी पाळतात तसं. साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन. मी दुसरा अर्ज टाकला. उत्तर आलं, नियम 'इम्प्लिमेंट' करण्याचे सर्व प्रयत्न चालू आहेत. इम्प्लिमेंट हे जुलैपासून होत असतं, कुठल्या वर्षीच्या जुलैपासून ते लिहायची पद्धत नाही. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं की ही कचेरी सदर नियम नेहमीच 'अपहोल्ड' करीत आली आहे. अपहोल्ड करणं म्हणजे नियमाबद्दल अतिशय आदर बाळगणं. घरातल्या आदरणीय माणसाला आपण पाणी भरायला पाठवत नाही, तसं नियमालाही कोणी कामाला लावत नाही.

ही उत्तरं लिहिणारा माझ्यासारखाच कुणीतरी कारकून असणार, आणि त्याच्याकडेही अशीच एक वही असणार. या विचाराने मला सुरुवातीला बरं वाटे. मग चीड यायला लागली. चौथ्या अर्जात मी तांबड्या रेघा दोन ओढल्या. मंडळात माझी चौकशी होऊ लागली, भय्यासाहेब मला खुर्ची देऊ लागले, आणि सतरंज्या दुसऱ्याच कोणीतरी घालू लागलं.

चौथं उत्तर आलं : वीस ऑगस्टला निरीक्षक शाळेत येऊन मराठी मातृभाषेची मुलं स्वतः मोजतील.

मी ते पत्र मंडळात वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मेश्रामबाई माझ्या दारात उभ्या होत्या.

तिशीच्या, सडपातळ, सुती पातळ आणि हातात हजेरीचा कागद. आत या म्हटलं तर त्या उंबऱ्याशीच थांबल्या. मीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही, हे इथेच कबूल करून टाकतो.

"साहेब, दहातला एक गेला," त्या म्हणाल्या. "त्याच्या बापाची बदली झाली भुसावळला. आता नऊच राहिले."

"मग आणखी एक शोधू! त्यात काय मोठंसं?"

"नऊ भरले तर वर्ग नाही, आणि वर्ग नाही तर माझी जागा नाही. हेडमास्तर सांगून राहिले, डिंडोरीच्या पुढे जंगलात पाठवतील. माझा मालक फॅक्टरीत आहे, सासू अंथरुणावर, लहानी दोन वर्षांची." त्यांनी हातातल्या कागदाची घडी केली. "साहेब, मी डबे मोजत होती तेव्हा मला कोणी मोजत नव्हतं. आता तुम्ही मोजायला लावलं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी सणसणीत उत्तर देता आलं असतं.

मी छातीवर हात ठेवून त्यांना शब्द दिला आणि त्याच संध्याकाळी भय्यासाहेबांना घेऊन दहाव्या मुलाच्या शोधात निघालो. मराठी घरं चाळीसच्या वर होती. चहा सगळ्यांनी दिला. अर्जावर सह्या तर मागायच्या आधीच दिल्या. एका घरी आजोबांनी स्वतःची करून वारलेल्या भावाचीही केली. पण मूल म्हटलं की प्रत्येकाकडे कारण तयार असे. एकाचं मूल कॉन्व्हेंटात होतं, एकाला हिंदीवाचून पुढे नोकरी नाही याची काळजी होती. शेवटी एका प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. "भैया, भावना समजतो मी. पण तिथे कुठल्या वस्तीतली मुलं आहेत, माहीत आहे ना?"

माहीत होतं. नऊच्या नऊ मुलं विदर्भातून आलेल्या बौद्ध कुटुंबांतली होती, फॅक्टरीतल्या आणि रेल्वेतल्या कामगारांची. जबलपुरात मराठीतून शिकायला तेवढीच मुलं येत होती, आणि मराठी टिकवायची जबाबदारी आमच्या मंडळाने घेतली होती. मी प्राध्यापकांना म्हणायला पाहिजे होतं की लाज वाटू द्या. मी म्हणालो, "हो, तेही आहेच."

एकशे बारा सह्या घेऊन घरी आलो आणि पंख्याखाली बसलो. आमची ही, प्रमोदिनी, भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आपली अनू तिसरीतच आहे."

अनू, म्हणजे अनसूया, आमची एकुलती एक. कॉन्व्हेंटात होती. तिला मराठी समजत होतं सगळं, पण बोलायची हिंदीत. मी मराठीत विचारायचं आणि तिने हिंदीत सांगायचं, असा आमचा तीन वर्षांचा रिवाज होता.

"वेड लागलंय का तुला?" मी म्हणालो.

"मग त्या बाईला शब्द काहून दिला?"

त्या 'काहून'वर मी तिला टोकणार होतो, पण आधी दिलेल्या शब्दाचं बघायला हवं होतं. शेवटी मधला मार्ग काढला, जो मध्यमवर्गीय माणूस नेहमी काढतो : अनूने महिनाभर त्या शाळेत जायचं, निरीक्षक मोजून गेला की पुन्हा कॉन्व्हेंटात. त्या महिन्याकरता कॉन्व्हेंटात कळवायचं की तिला कावीळ झाली आहे.

आता इथून पुढे एक नियम अमलात यावा म्हणून मी किती नियम मोडले ते बघा. नव्या शाळेला जुन्या शाळेचा दाखला हवा होता. दाखला मागितला तर कॉन्व्हेंटातलं नाव जाणार. तेव्हा भय्यासाहेबांनी प्रतिज्ञापत्र करून दिलं की ही मुलगी आजवर कुठल्याही शाळेत गेलेली नसून घरीच शिकली आहे. मी त्याखाली सत्यप्रतिज्ञेवर सही केली. हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि अनूला विचारलं, "बेटी, घर पे किसने पढ़ाया?" अनू म्हणाली, "सिस्टर ने." मी घाईघाईने सांगितलं की माझ्या बहिणीने. मला बहीण नाही.

काविळीचा अर्ज न्यायला भय्यासाहेबांची सून होती, ती कॉन्व्हेंटातच शिकवायची. भय्यासाहेब वकील असल्यामुळे प्रतिज्ञापत्राचं घरात बोलले नव्हते. कावीळ मात्र दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला झाली. उसाचा रस आला, मुळ्याचा पाला आला. भय्यासाहेबांच्या पत्नी कुसुमबाई स्वतः तिलवाऱ्याहून चंपाबाई नावाच्या म्हातारीला घेऊन आल्या. ही कावीळ झाडून काढत असे. तिने अनूला पितळेच्या परातीपुढे बसवलं, हाताला चुना चोळला, काहीतरी पुटपुटत पाणी ओतलं. परातीतलं पाणी पिवळं झालं.

"बहुत चढ़ा है," चंपाबाई म्हणाली. "तीन इतवार लगेंगे."

ठणठणीत पोरीच्या हातून एवढी कावीळ निघालेली पाहून मलाच तिच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. तीन रविवार अनू परातीपुढे बसली. बाकीचे दिवस ती डोक्यावरून ओढणी घेऊन मागच्या गल्लीने मेश्रामबाईंबरोबर शाळेत जाई आणि येताना आई तिला घेऊन येई. निरीक्षकाच्या धाकाने हेडमास्तरांनी बाईंना डब्यांवरून उठवून त्या दहा मुलांचा वर्ग दिला होता. बाई रोज मागच्या दाराशी येत. चहा विचारावा असं रोज मनात येई आणि गडबडीत राहून जाई.

आणि मग ते झालं. दहाव्या दिवशी अनू शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि आईला म्हणाली, "आई, तू मला घ्यायला काहून नाही आली? मी किती वेळ वाट पाहून राहिली होती!"

प्रमोदिनीच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. पोरगी मराठी बोलली होती. एक शब्द नाही, दोन सबंध वाक्यं. मागे लागून नाही, बक्षिसासाठी नाही, रागावली म्हणून. वर्गातल्या कलावती नावाच्या मुलीशी तिची गट्टी जमली होती, आणि त्या गट्टीत ती आठ दिवसांत जे शिकली ते आम्हाला तीन वर्षांत जमलं नव्हतं. मी त्या वेळी उठून पेढे वाटायला हवे होते.

पण ओसरीवर भय्यासाहेब बसले होते. ते मिशीत हसले. "वा, नारायणराव! दहावं नाव चांगलंच मिसळलं म्हणायचं त्यांच्यात."

एवढंच म्हणाले. उद्या हे मंडळात सांगणार, आणि मला पुन्हा सतरंज्यांकडे जावं लागणार. मी अनूला बोलावलं आणि घरात नियम केला : ह्या घरात शुद्ध मराठी बोलायचं. 'काहून' नाही, 'का'. 'पाहून राहिली' नाही, 'पाहत होते'. चुकलं की पाटीवर पंचवीस वेळा लिहायचं.

"अहो, बोलून तर राहिली ना ती!" प्रमोदिनी म्हणाली. "बोलू द्या."

"तूही 'बोलून राहिली' म्हणालीस," मी म्हणालो. "तू काय करून राहिली आहेस ते तुला कळतं का?"

आपण काय बोललो ते माझ्या ध्यानात आलं, पण मी बाप होतो. मला पाटी नव्हती.

हा नियम कसा चालला ते सांगायला मला वही लागत नाही. तो पहिल्या संध्याकाळपासून चालला. मी कचेरीतून येऊन चहाच्या आधी पाटी तपासत असे. पहिल्या दिवशी तिने पंचाहत्तर वेळा लिहिलं, दुसऱ्या दिवशी पन्नास, चौथ्या दिवशी एकदाही नाही. मला वाटलं, सुधारली. ती मराठी बोलायचीच बंद झाली होती. चुका शून्यावर आल्या होत्या आणि मी समाधानाने चहा पीत होतो.

वीस ऑगस्टला निरीक्षक आले. श्यामसुंदर तिवारी नाव, वयस्क, शांत माणूस. जुन्या प्रांतात आठ वर्षं अकोल्याला काढलेली, त्यामुळे मराठी चांगलं समजे. अर्जदार म्हणून मला दाराशी खुर्ची मिळाली. दहा मुलं दोन ओळींत बसली होती. मेश्रामबाईंनी फळ्यावर तारीख सुरेख काढली होती, आणि खडू ठेवायचा राहून तो त्यांच्या हातातच होता.

तिवारीजी प्रत्येक मुलाजवळ जाऊन मराठीत एकच प्रश्न विचारत. "सकाळी काय खाल्लं?" मुलं भडाभडा बोलत होती. कोणी भाकर आणि चटणी, कोणी रात्रीचं वरण, कलावतीने तर भावाने तिची पोळी कशी पळवली आणि तिने त्याला कसा धरला तेही सांगितलं. ती मुलं माझ्या पाटीच्या हिशेबाने वाक्यावाक्याला चुकत होती. तिवारीजी हसून प्रत्येक नावापुढे खूण करत होते.

नऊ खुणा झाल्या. ते अनूपुढे आले. "बेटा, सकाळी काय खाल्लं?"

अनूने तोंड उघडलं. मग तिची नजर दाराकडे आली, माझ्याकडे. मी देवाशपथ सांगतो, माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी फक्त काकुळती होती. पण बारा दिवस तो चेहरा तिने पाटीच्या वरून पाहिला होता. तिने तोंड मिटलं.

"सांग ना," तिवारीजी म्हणाले. "भ्यायचं काहून?"

अकोल्याचं 'काहून' होतं ते, सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडचं. कलावती मागून कुजबुजली, "अनू, बोल ना वं." मेश्रामबाई फळ्याशी उभ्या होत्या. त्या अनूकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही.

अनू हळूच म्हणाली, "पराठा खाया."

"घरी कोणतं बोलता?"

"हिंदी."

मी खुर्चीवरून उठलो. म्हणालो, साहेब, ही माझी मुलगी आहे, हिची आई मराठी, मी मराठी, आमचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, दीडशे वर्षं—

"आपकी मातृभाषा तो मैं मानता हूँ, नारायणरावजी," ते नम्रपणे म्हणाले. "नियम में बच्चे की लिखी है. नियम का पालन हो, यही तो आप चार बार लिखे हैं."

त्यांनी दहावं नाव खोडलं. हजेरीत शेवटी नऊ आकडा पडला.

पंधरवड्याने पत्र आलं. टाइप स्वच्छ, इंग्रजी निर्दोष. आपल्या वारंवारच्या विनंतीवरून सदर नियम काटेकोरपणे 'एन्फोर्स' करण्यात आला असून, मुलांची संख्या नऊ भरल्यामुळे मराठी वर्ग बंद करण्यात येत आहे आणि शिक्षिकेची जागा जादा ठरत आहे. माझं क्रियापद मला अखेर मिळालं होतं. त्यांनी त्याखाली तांबडी रेघही ओढली होती.

मंडळात ठराव झाला, निषेधाचा. मसुदा माझ्याकडून घेतला. सतरंज्याही मीच घातल्या. अनूची कावीळ उतरली आणि ती कॉन्व्हेंटात गेली. चंपाबाईचं गल्लीत फार नाव झालं. ती नऊ मुलं हिंदी वर्गात मागे बसली.

मी लाल वही काढली. 'एन्फोर्स'ची उजवी बाजू कोरीच होती. सतरा वर्षं मी तो वापर कचेऱ्यांत शोधला आणि तो माझ्याच घरी, चहाच्या आधी, रोज होत होता. दाद नाही, फिर्याद नाही, पर्यायी शब्द नाही. मी तिथे तसं लिहिलं नाही. वही मिटून माळ्यावर टाकली.

डिंडोरीला जायच्या आदल्या दिवशी मेश्रामबाई आल्या. मागच्या दाराने नाही, पुढच्या. त्यांची दोन वर्षांची मुलगी कडेवर होती. तिला बरोबर नेणार होत्या, सासूला नवऱ्यावर सोडून. या वेळी मी आत या म्हणालो, दोनदा म्हणालो, चहाही म्हणालो.

"नको साहेब, घाई आहे," त्या म्हणाल्या. "अनूची पाटी राहिली होती वर्गात, ती द्यायला आली."

पाटी त्यांनी ओसरीवर ठेवली. तिच्यावर अनूच्या अक्षरात नऊ मुलांची नावं होती, मराठीत, आणि खाली दहावं तिचं स्वतःचं.

अनू दारामागे उभी होती. बाईंनी वाकून तिच्या गालाला हात लावला. "येतो हं, अनू. कलावती विचारत होती, तू काहून येत नाही म्हणून. काय सांगू तिला?"

अनूचे ओठ हलले. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"पापा, बोलूँ?"

मी म्हणालो, "बोल."

ती काही बोलली नाही.